खोक्यावरचा ४के, पडद्यावरचा ४के

निकाल लागला, ईदी जमली की नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) कितीतरी घरांत एकच वाद रंगतो. मुलाला प्लेस्टेशन हवे असते. अब्बा म्हणतात कॉम्प्युटर घे, अभ्यासालाही होईल. मग मुलगा ठेवणीतले अस्त्र काढतो, “अब्बा, प्लेस्टेशन ४के आहे! आपला टीव्हीसुद्धा बदलावा लागेल.” इथे अब्बा गप्प होतात. त्यांनी गप्प होऊ नये म्हणून हा हिशेब.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, एकूण सुमारे २१ लाख ठिपके. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. काम चौपट, आणि तेही सेकंदाला तीस किंवा साठ वेळा. झेपेनासे झाले की कन्सोल चित्र कमी ठिपक्यांत काढतो आणि ताणून पडद्यावर बसवतो. २०१३ सालच्या एक्सबॉक्स वनवर कित्येक खेळ ९०० ओळींतच चालत, टीव्ही मात्र १०८० दाखवी. २०१६चा पीएस-४ प्रो ४केच्या नावाने विकला गेला. त्यावर बरेच खेळ निम्मे ठिपके काढून उरलेले अंदाजाने भरत. पीएस-५च्या सुरुवातीच्या खोक्यावर तर ८के छापलेले होते! आजही पुष्कळ खेळांत दोन पर्याय दिसतात: सुबक चित्र की वेगवान चाल. दुसरा निवडला की ठिपके बहुधा घटतात.

कॉम्प्युटरवर ही निवड उघड असते. किती ठिपके हवेत ते आपण ठरवायचे, ग्राफिक्स कार्डाच्या ऐपतीप्रमाणे. ताणण्याची युक्ती तिथेही आली आहे, डीएलएसएस वगैरे नावांनी. पण ती चालू-बंद करणे आपल्या हाती. कार्ड मात्र खिसा रिकामा करते. पीएस-५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला, आणि तेवढ्या पैशांत त्याच्या तोडीचा नवा कॉम्प्युटर जुळवणे अवघडच होते. एवढे मुलाच्या बाजूने मान्य करायला हवे.

टीव्ही बदलायचे मात्र आम्हाला पटत नाही. पीएस-५ साध्या फुल एचडी टीव्हीवरही चालतो. शिवाय डोळ्यांना मर्यादा आहे. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून निरोगी नजरेलाही सुटे दिसत नाहीत. त्याहून लांब बसणाऱ्याला ४केचा फायदा फारसा जाणवणार नाही. कॉम्प्युटरचा २४ इंची पडदा दोन फुटांवर असतो, तिथे फरक दिसतो. म्हणून १४४० ओळींचा मॉनिटर घेणारा अगदीच उधळ्या नव्हे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी अम्मीच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि दिवाणापासून टीव्हीपर्यंतचे अंतर मोजा. टेपचे दुसरे टोक मुलालाच धरायला सांगा.