एका गंजातील जेवण

घरातील सर्व माणसे जेवून उठल्यावर जी एक व्यक्ती पान घेऊन बसते, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते. शाळेच्या वार्षिकात विद्येविषयी लिहावे, शीलाविषयी लिहावे, फार तर व्यायामाविषयी लिहावे. स्वयंपाकाविषयी लिहिणे शिक्षकाच्या पेशास शोभत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु आमचे विद्यार्थी ज्या घरांतून येतात त्या घरांतील चूल कशी चालते, याचा त्यांच्या विद्येशी व शीलाशीही फार निकटचा संबंध आहे, असे आमचे मत झाले आहे, व ते येथे मांडण्याची परवानगी आम्ही पालकांकडे मागतो.

आपला वणीचा मुलूख कपाशीचा व कोळशाचा. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली म्हणजे गावोगावच्या बाया कमरेला ओटी बांधून सकाळीच शेतात जातात, त्या दिवस मावळता परततात. कोळशाच्या खाणी तीन पाळ्यांनी चालतात; त्यामुळे कोणाच्या घरी वडील पहाटे निघतात, तर कोणाच्या घरी मध्यरात्री येतात. कोणाची आई दवाखान्यात कामास आहे, कोणाची शाळेत, कोणाची दुकानात. दिवसभर राबून आलेली ही माउली सायंकाळी पुन्हा चुलीपुढे वा गॅसपुढे उभी राहते. वरण एका भांड्यात, भात दुसऱ्यात, भाजी कढईत, आणि त्यावर पोळ्या. वैशाखात आपल्याकडे सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्याच असतात. अशा वेळी दीड-दोन तास विस्तवाजवळ उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने एकदाही केले नाही त्यास सांगून कळावयाचे नाही.

परंतु श्रमापेक्षाही दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक खुपते. वरण, भात, भाजी हे पदार्थ एकदा शिजले म्हणजे झाले. पोळीचे तसे नाही. पोळी एकेक होते, आणि ती गरमच पानात पडली पाहिजे असा आपल्या घरातील पुरुषांचा व मुलांचा आग्रह असतो. जो पदार्थ एकेक होतो व गरमच वाढावा लागतो, तो करणारी व्यक्ती पंगतीत बसू शकत नाही. मग सर्वांचे झाल्यावर ती बसते. तोवर भाजी तळाशी गेलेली असते, वरणाचे पाणी उरलेले असते, आणि पोळी निवालेली असते. ज्या पोळीसाठी आपण हट्ट धरतो ती तिच्या वाट्याला कधीच गरम येत नाही! ही कोणाची दुष्ट बुद्धी नव्हे. जेवणाची रचनाच अशी आहे. म्हणूनच, ही रचना बदलता येईल असे आम्ही म्हणतो.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आहे. 15 ते 19 वर्षांच्या मुलींत हा आकडा 59 आहे. याची कारणे अनेक आहेत, आणि सर्व दोष मागून जेवण्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तरीपण जिच्या पानात भाजी व डाळ नेहमी शेवटची पडते, तिच्या अंगी रक्त कोठून येणार, हा प्रश्न प्रत्येक घराने आपणांस विचारावा.

यावर आमची सूचना साधी आहे. कामाच्या दिवसांतील रात्रीचे जेवण, निदान आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकाच गंजात शिजणारे असावे. त्यासाठी परक्या मुलखात जाण्याचे कारण नाही. आपल्या वऱ्हाडात वरणफळ घरोघरी ठाऊक आहे. पश्चिमेकडील जिल्ह्यांत यालाच चकोल्या म्हणतात, आणि गुजराथेत दाळढोकळी म्हणून त्याचेच भावंड नांदते. तूर तर आपली घरचीच. कपाशीत तुरीचे तास घेतल्याशिवाय आपल्या शेतकऱ्याचे शेत पुरे होत नाही. ती डाळ, घरची कणीक व परसातील पाला एवढ्यात हे जेवण होते.

काही वडील मंडळींस हे आजाऱ्याचे किंवा अडल्या वेळेचे अन्न वाटते. त्यांचा हा समज शास्त्रास धरून नाही. गव्हाच्या प्रथिनांत एका घटकाची उणीव असते, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी तो गव्हात असतो. दोन्ही एकत्र आली म्हणजे एकमेकांचे उणे भरून काढतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था (जिचा आरंभ 1918 साली कुन्नूर येथे एका खोलीतील प्रयोगशाळेपासून झाला) तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे प्रमाण सांगते. वरणफळात डाळ त्याहूनही सढळ पडते. पाच माणसांस 200 ग्रॅम तुरीची डाळ व 300 ग्रॅम कणीक घेतली, तर प्रत्येकाच्या पोटात सुमारे 15 ग्रॅम प्रथिने जातात. याउलट, हल्ली पाकिटातील शेवया दोन मिनिटांत उकळून मुलांपुढे ठेवण्याची जी रीत पडली आहे, तीत मैदा, तेल व मीठ यांवाचून फारसे काही नसते. वेळ वाचतो खरा. पण पोट भरले असे नुसते वाटते, आणि आठव्या तासाला वर्गात जांभया सुरू होतात.

आता कृती. ती आम्ही विद्यार्थ्यांस उद्देशून लिहितो, व तसे करण्याचे कारण पुढे येईल.

शाळेतून आल्यावर प्रथम डाळ धुऊन अर्धा तास भिजत घालावी. तोवर एखादे गणित सोडवून होते. जाड बुडाच्या गंजात अथवा कुकरात दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, मेथीचे चार दाणे, ठेचलेला लसूण व गोडलिंबाची पाने घालावीत, मग हळद व तिखट. त्यावर भिजलेली डाळ व एक लिटर पाणी. कुकर असल्यास चार शिट्ट्या पुरेत. कुकर आपोआप निवल्यावाचून झाकण उघडू नये. घाईने झाकण उघडणाऱ्यांचे हात भाजतात. डाळ शिजते आहे तोवर कणकेत मीठ, चिमूटभर हळद, ओवा व थोडे तेल घालून ती घट्ट मळावी. सैल कणीक गंजात विरघळते.

डाळ घोटून तीत दीड लिटर गरम पाणी, मीठ व चिरलेला पाला घालावा: पालक, मेथी, चवळी, जो हाताशी असेल तो. टमाटर, चुका किंवा चिंच मात्र याच वेळी, डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावी. आंबट आधी पडले तर डाळ लवकर मऊ होत नाही. पाणी खळखळ उकळू लागले म्हणजे कणकेची जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे करावेत व थोडे थोडे सोडावेत. लाटता येत नसेल त्याने लहान गोळ्या अंगठ्याने दाबून टाकाव्यात. फळे वाकडीतिकडी होतील, चव तीच. पाणी उकळते नसले तर सारी फळे एकमेकांस चिकटून गोळा होतो. दहा-बारा मिनिटांनी एक फळ काढून मोडून पाहावे; आत कच्चे पीठ दिसले नाही म्हणजे झाले. पाच मिनिटे झाकून ठेवावे, वर सांभार चिरून घालावा, आणि पानात वाढल्यावर लिंबू पिळून जवसाचे किंवा शेंगदाण्याचे कच्चे तेल, ऐपत असेल तर तूप घ्यावे. लिंबू हे केवळ रुचीसाठी नव्हे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील व पाल्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते. जेवणावर लगेच चहा घेतला तर नेमके उलट होते. पण चहाविषयी आपल्या गावात बोलणे म्हणजे वैर पत्करणे होय, तेव्हा तूर्त एवढेच.

असे हे जेवण तासाभरात होते. त्यातही विस्तवापाशी उभे राहणे थोडेच. घासावयास एक गंज, एक पोळपाट व ताटे. उन्हाळ्यात ज्या गावांस पाणी दुरून आणावे लागते तेथे हाही लहान लाभ नव्हे. मुख्य गोष्ट ही की, गंज मध्ये ठेवला म्हणजे वाढणारीसुद्धा पानावर बसू शकते. सर्वांच्या ताटात एकाच वेळी तेच गरम अन्न पडते.

शुभवर्तमानातील मार्था व मरीया यांची कथा आम्ही वर्गात शिकवितो. प्रभू घरी आले असता मरीया त्यांच्या पायांशी बसून ऐकत होती, व मार्था पाहुण्यांच्या तजविजीने कासावीस झाली होती. आपल्यापैकी पुष्कळ जण मार्थेस दोष देऊन पुढे जातात. परंतु तिला हातभार लावणारे कोणी नव्हते, ही तिची तक्रार काही खोटी नव्हती. आवश्यक गोष्ट एकच, या प्रभूच्या बोलण्याचा अर्थ काही टीकाकारांनी "एक पदार्थ पुरे आहे" असाही लाविला आहे. हा अर्थ कितपत खरा हे पंडितांनी ठरवावे. आम्हांस मात्र तो मार्थेवर दया करणारा वाटतो. कारण एक पदार्थ असता तर तीही बसून ऐकू शकली असती.

आणि आता मुलांविषयी, म्हणजे मुलग्यांविषयी. वर दिलेली कृती नववी-दहावीतील कोणत्याही विद्यार्थ्यास जमण्याजोगी आहे. पण घरी सांगावयाचे झाले तर ते बहिणीस सांगितले जाते, भावास नव्हे. त्याला अभ्यास असतो. बहिणीस अभ्यास नसतो काय? परीक्षेत दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका येते. चुलीपाशी बसणे पुरुषास कमीपणाचे, असे ज्या मुलग्यांस वाटते त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आठवावा. त्याने मसुरीचे वरण स्वतः शिजविले होते. त्या वरणाच्या जोरावर त्याने भावाचा ज्येष्ठपणा विकत घेतला, हे त्याचे कृत्य अनुकरणीय नव्हे. पण वरण उत्तम झाले असले पाहिजे, एरवी एसाव इतका का भुलला असता? उद्या हीच मुले शिक्षणासाठी नागपुरास किंवा पुण्यास जाऊन खोली घेऊन राहतील. तेथे एक गंज व एक शेगडी एवढ्यावर ज्यास नीट जेवता येते तो खानावळीच्या तेलकट रश्श्यापासून व आजारपणापासून वाचतो.

शाळेच्या दुपारच्या आहाराचा दाखला येथे द्यावासा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिलेल्या आदेशानंतर शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांस शिजविलेले अन्न मिळू लागले. पाचवीपर्यंत प्रत्येकी 100 ग्रॅम धान्य व 20 ग्रॅम डाळ, पुढे 150 व 30. तेथेही बहुधा एका भांड्यातील खिचडीच असते, आणि सर्व मुले एका ओळीत, एकाच वेळी, एकच अन्न खातात. त्या खिचडीस कोणी कमीपणाची म्हणत नाही. नववीपासून हा आहार थांबतो, आणि नेमक्या त्याच वयात मुलांची भूक वाढते. म्हणून घरच्या गंजाची गरज या दोन वर्षांत सर्वांत अधिक.

पाहुणे आले, सण आला, तर चार पदार्थ अवश्य करावेत. पुरणपोळीच्या दिवशी वरणफळ करा असे सांगण्याइतके आम्ही रुक्ष नाही. आमचे म्हणणे कामाच्या दिवसांपुरते आहे. ज्या घरी आईची पाळी उशिरा सुटते, किंवा वेचणी चालू आहे, तेथे मुलामुलींनी वार वाटून घ्यावेत. पहिल्या खेपेस मीठ कमी पडेल, फळे चिकटतील. वडिलांनी त्या रात्री नावे ठेवू नयेत व पोळी मागू नये. उरलेले वरणफळ हिवाळ्यात सकाळी थोडे गरम पाणी घालून उकळून घेतले तर न्याहारीस चालते. चैत्र-वैशाखात मात्र ते रात्रभर बाहेर ठेवू नये. आपल्या उन्हात ते आंबते.