लक्ष्य पन्नास मीटरवरच, पदक मात्र पुरुषांनाच

बायथलॉन हा स्कीइंग आणि नेमबाजी यांचा जोडखेळ. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा शनिवार-रविवार बहुधा ठरलेला असतो: आधी स्प्रिंट, मग त्या निकालातील फरकाने एकामागून एक सुटणाऱ्या खेळाडूंची पाठलागाची शर्यत. पुरुष स्प्रिंटमध्ये १० किलोमीटर धावतात, स्त्रिया साडेसात. पाठलागात पुरुष साडेबारा, स्त्रिया १०.

अंतर बदलते, नेमबाजी बदलत नाही. लक्ष्य दोघांनाही ५० मीटरवर. झोपून झाडताना ४५ मिलिमीटरचे, उभ्याने ११५ मिलिमीटरचे. पॉइंट टू-टू रायफलचे किमान वजन दोघांनाही साडेतीन किलो. स्प्रिंटमध्ये नेम चुकला की दंडाची १५० मीटरची फेरीही तीच.

तरीही हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बायथलॉन १९६० साली आले, स्त्रियांचे १९९२ साली. या ३२ वर्षांचे कारण लक्ष्यफलकात सापडत नाही. ते नियम करणाऱ्यांच्या मनात शोधावे लागते.

मुलुंड-बोरिवलीच्या मुलामुलींना बर्फ पडद्यावरच दिसतो. पण या खेळाचा दुसरा अर्धा भाग महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि तिथला इतिहास अधिक बोचरा आहे.

१९७६, माँट्रियल. ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण समान झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशम यांना गेले. राष्ट्रगीताच्या वेळी त्यांनी मर्डॉक यांना सर्वोच्च पायरीवर ओढून घेतले. १९८४ पासून स्त्रियांची रायफल वेगळी झाली आणि त्यांच्या वाट्याला पुरुषांच्या निम्म्या, म्हणजे १२० ऐवजी ६० गोळ्या आल्या.

स्कीटची कथा तर जवळजवळ हास्यास्पद. उडत्या तबकड्या टिपण्याच्या या खुल्या प्रकारात १९९२ साली चीनच्या झांग शान यांनी पुरुषांना हरवून सुवर्ण जिंकले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होते.

वेगळ्या स्पर्धांची बाजूही ऐकली पाहिजे. खुल्या स्पर्धेत अनेक देश स्त्रियांना पाठवतच नसत. स्वतंत्र गटाने त्यांची जागा पक्की केली. हे मान्य. पण जागा पक्की करण्यासाठी गोळ्या निम्म्या करण्याची गरज नव्हती. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००२ साली म्युनिकमध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ही एअर रायफलची स्पर्धा जिंकली, ती स्त्री-पुरुषांची एकत्रच होती.

मग ऑगस्ट २०१०, पुन्हा म्युनिक. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेतेपद पटकावले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री. अंतर, काडतूस, ६० गोळ्या, सारे पुरुषांच्या स्पर्धेसारखेच. मात्र ऑलिंपिकमध्ये प्रोनचे पदक पुरुषांसाठी होते. स्त्रियांसाठी हा प्रकार स्वतंत्रपणे कधी ठेवलाच गेला नाही. ज्या खेळात ती जगात पहिली होती, त्यात तिला ऑलिंपिकचे दारच नव्हते.

पुढे समानता आली, पण उलट्या वाटेने. रिओ २०१६ नंतर पुरुषांचे प्रोनही ऑलिंपिकमधून काढले गेले. थ्री पोझिशन्समध्ये स्त्रियांच्या गोळ्या २०१८ पासून पुरुषांइतक्या १२० झाल्या. नंतर दोघांच्याही ६० करण्यात आल्या. १९८४ साली स्त्रियांना झेपेल म्हणून ठरवलेला आकडाच शेवटी सर्वांचा झाला.

तेजस्विनी सावंत ऑलिंपिकला पोहोचल्या त्या २०२१ मध्ये, टोकियोला, वयाच्या ४० व्या वर्षी. प्रकार होता थ्री पोझिशन्स.