अभिप्रायांची पारख

घरातील मुलांना हल्ली डोंगरी सायकल हवी असते आणि अभिप्राय वाचून त्यांची निवडही झालेली असते. आम्ही इतवाऱ्यातील मंडळी त्या स्तुतीकडे किंचित संशयानेच पाहतो. चार दिवसांच्या वापरावर लिहिलेल्या परीक्षणातून वजन आणि गिअरची सहजता कळेल. पण पावसाळ्यात बुऱ्हाणपूरच्या शेतवाटेवरील काळी माती चाक आणि चिमटा यांमध्ये गच्च बसली म्हणजे काय होते, हे कसे कळावे? असीरगडाच्या उतारावर ब्रेक कितपत धरतो, हा प्रश्न तर जिवाशीच निगडित. लिहिणाऱ्याचा रस्ता, वापराचे महिने आणि सायकल त्याने विकत घेतली की कंपनीने दिली, एवढे सांगितले नसेल तर ती जाहिरातच समजावी.

भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक काढले. विकत घेतलेल्या अभिप्रायांना त्यात मज्जाव आहे. मात्र ते ऐच्छिक म्हणूनच आले. तेव्हा वाचकहो, तक्रारी आधी वाचाव्यात. एकच दोष अनेकांनी सांगितला असेल, तर दुकानात प्रथम तोच भाग पाहावा. सुटे भाग गावात मिळतील की इंदुराहून मागवावे लागतील, हे दुरुस्तीवाल्याला विचारावे. सायकल अखेर त्याच्याच हाती येणार असते.