रजेवर आलेला घरधनी

फौजी माणसाच्या घरी सणवार पंचांगावर ठरत नाहीत, रजेवर ठरतात. माझा धाकटा भाऊ लष्करात अधिकारी आहे. मागल्या खेपेस त्याला रजा मिळाली ती माघात. भावजयीने तेव्हा पुन्हा चकल्या तळल्या, आकाशकंदील लावला. शेजारणी हसल्या, मुलांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही.

अशा संसाराचे आपण दुरून कौतुक करतो. जवळून पाहिले म्हणजे कळते की त्यात शौर्यापेक्षा हिशेब अधिक आहे. ठाणे शांततेचे असेल तर बायकामुले बरोबर. सीमेवरचे असेल तर घर मागे ठेवायचे. काळ्या पत्र्याच्या ट्रंका दर दोन-तीन वर्षांनी हलायच्या. पत्रावर पत्ता ‘५६ ए.पी.ओ.’, माणूस बर्फात आहे की वाळूत, हे त्यावरून कळू नये अशीच ती योजना! मुलांच्या शाळांची आबाळ सरकारलाही उमगली होती. १९६३ साली केंद्रीय विद्यालये सुरू झाली, ती पलटणींच्या २० शाळा हाती घेऊनच. तरीही मुलगा नववीत गेल्यावर भावजयीने ट्रंका माळ्यावर टाकल्या आणि पुण्यात बिऱ्हाड केले.

बाई हुशार. बँक, शाळा, सासऱ्यांचे औषधपाणी, गळका नळ, सारे तिने अंगावर घेतले. घर घड्याळासारखे चालू लागले, आणि खरी अडचण तेथेच सुरू झाली. भाऊ रजेवर आला. मुलाला सहलीला जायचे होते. वडील समोर बसलेले असताना त्याने परवानगी मागितली ती आईकडे. भाऊ काही बोलला नाही. वर्तमानपत्र उघडून बसला. ज्याच्या शब्दावर शंभर माणसे उभी राहतात, तो स्वतःच्या घरात पाहुणा झाला होता.

दुसऱ्या दिवशी भावजयीने शाळेची वही, भाजीची पिशवी आणि सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने भेंडी जून आणली, गोळ्यांच्या वेळा दोनदा विचारल्या. मी म्हटले, “अगं, तुझेच काम वाढले की!” ती म्हणाली, “वाढू दे, ताई. त्यांच्या हातून घरातले काही बिघडले, तरच ते घर त्यांचे. नाहीतर साठ दिवस पाहुणचार करायचा आणि निरोप द्यायचा.”

मला हे फार मोलाचे वाटते. नवऱ्यावाचून घर चालवणे कठीण खरे. पण ते चालू लागल्यावर त्यात नवऱ्यासाठी जागा राखणे त्याहून कठीण. आणि रजा संपली की पिशवी पुन्हा खुंटीवरून काढायची, तीही कुरकुर न करता. नवऱ्यानेही तिने बसवलेली घडी पहिल्याच दिवशी विस्कटायची नाही. आधी विचारायचे, मग हात लावायचा.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. तेथे घरोघरी फौज. एकीचा धनी सीमेवर गेला तर तिचे दुखणे शेजारणीला सांगावे लागत नाही. शहरातल्या सदनिकेत मात्र शेजारचे दार बंद असते, आणि दारामागची बाई आपले कणखरपण सांभाळत बसलेली असते.

आपल्या जिन्यावर असे एखादे घर असेल. त्या घरच्या बाईला ‘धन्य आहात हो तुम्ही’ असे म्हणून पुढे जाऊ नका. धन्यतेने रात्री दोन वाजता सासऱ्यांना दवाखान्यात नेता येत नाही. आपला टेलिफोनचा आकडा तिला द्या, आणि हाक येताच उठा. आणि तिच्या घरी माघात आकाशकंदील लागलेला दिसला, तर फराळाला जरूर जा.