'आणि' की 'म्हणून'?

गेल्या वर्षी ऑक्टोबरातला पहिला शनिवार-रविवार मी लॅपटॉप न उघडता घालवला. कारण सांगितलं तर ऑफिसातल्या लोकांना खोटं वाटतं. मी आमच्या आण्णांचा ट्रॅक्टर डिबग करत होतो. :)

आता मी काही मेकॅनिक नाही. बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितोय, हाताला शेवटचं ग्रीस कधी लागलं होतं तेही आठवत नाही. पण त्या दोन दिवसांत एक गोष्ट अशी काही डोक्यात बसली की म्हटलं, लिहून काढावी. ट्रॅक्टर नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी पार्श्वभूमी. आमचं गाव बार्शी तालुक्यात. घरी एक जुना, तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा डिझेल ट्रॅक्टर आहे. तक्रार अशी, की रोटर मारायला लावला की अर्ध्या-पाऊण तासात काटा लाल पट्टीत जातो आणि इंजिन बंद पडतं. अर्धा तास थांबलं की परत चालू होतं. मग पुन्हा तेच. जूनपासून हे सुरू होतं. गावातल्या मिस्त्रींनी आधी डिझेल फिल्टर बदलला, मग फीड पंप, मग हेड गॅस्केट. मध्ये एकदा "गरम होतंय ना, मग हे कशाला अडथळा" म्हणून थर्मोस्टॅटही काढून टाकला. एकूण अकरा हजार गेले. तिन्ही वेळा आण्णांचा फोन आला, तिन्ही वेळा मी मीटिंगमधून म्हटलं, "करून टाका, पैसे पाठवतो." मला वाटत होतं, मी मुलाचं कर्तव्य करतोय.

सप्टेंबरच्या शेवटी मिस्त्रींचा निकाल आला: इंजिन पूर्ण खोलून बांधावं लागेल, पंचावन्न हजार, आठ-दहा दिवस. इकडे पाऊस उघडलेला, रान वापशावर आलेलं. ज्वारीची पेरणी त्या चार-सहा दिवसांत झाली तर झाली, नाहीतर ओल उडून जाते. गावात त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मिळणं म्हणजे दिवाळीत एसटीचं रिझर्वेशन. आण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "इकून टाकू का?" त्या आवाजावर मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात नेटवर वाचलेली मोठी यादी होती. पाणी कमी, पंख्याचा पट्टा ढिला, रेडिएटर चोंदलेला, वॉटर पंप झिजलेला, खालचा होजपाइप आत चिपकतोय, पंपाचं टायमिंग चुकलेलं... पण यादी बघून सुरू केलं असतं तर मीही मिस्त्रींसारखाच एकेक वस्तू बदलत बसलो असतो. म्हणून आधी ऑफिसात जे करतो ते केलं. युजरला विचारलं.

"आण्णा, बंद पडतो म्हणजे नक्की कसा पडतो?"

"आरं, एकदम न्हाई पडत. आदी धाप लागल्यावानी करतंय. आवाज खाली-वर, खाली-वर हुतो, मंग दम तोडतंय."

मी सावध झालो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं. म्हणजे आत हवा, दाब आणि डिझेल मिळतंय तोवर ते चालतं. उष्णतेने पिस्टन जाम होऊन इंजिन थांबलं, तर ते आवळून, करकचून थांबतं आणि हाताने फिरवायला जड जातं. आवाज खाली-वर होऊन दम तोडणं हे बहुतेक वेळा डिझेल कमी पडल्याचं लक्षण.

पुढचं वाक्य तर आण्णांनी सहज, चहा पिता पिता टाकलं. "सकाळी टाकी भरून नेला की लवकर पडतंय. दुपारी अर्ध्या टाकीवर तासभर चालतंय बघ."

मंडळी, मी कप खाली ठेवला. उष्णतेमुळे बंद पडत असता तर दुपारी उन्हात लवकर पडायला हवा होता, सकाळच्या गारव्यात उशिरा. इथे बरोब्बर उलटं. आणि चार महिन्यांत ही गोष्ट आण्णांना कुणी विचारलीच नव्हती. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत होते, मी बिलाचा आकडा ऐकत होतो. रोज सहा तास त्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं कुणीच ऐकलं नव्हतं.

टाकीजवळ गेलो. झाकण उघडलं तर खाली युरियाच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकचा तुकडा, नीट गोल कापून बसवलेला. आण्णा म्हणाले, "पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून जूनमदी घातलं हुतं." गरज खरी होती, डिझेलमध्ये पाणी गेलं की पंप आणि नोझलची वाट लागते. पण टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. जितकं डिझेल बाहेर जाईल तितकी हवा आत यावी म्हणून. ते प्लास्टिकने बंद झालं होतं. डिझेल ओढलं जातंय पण जागा भरायला हवा नाही, म्हणून टाकीत पोकळी तयार होते आणि शेवटी पंपाची ओढ कमी पडते. टाकी भरलेली असताना वर हवा जेमतेम लिटर-दोन लिटर असते, थोडं डिझेल गेलं तरी दाब झपकन उतरतो. अर्ध्या टाकीवर वीस लिटर हवा असते, म्हणून जास्त वेळ निभतं. बंद पडल्यावर आण्णा "डिझेल हाय का" म्हणून झाकण उघडून बघायचे, हवा आत जायची आणि ट्रॅक्टर चालू व्हायचा. सगळे म्हणायचे, गार झाला म्हणून चालू झाला!

पण हा फक्त अंदाज होता, आणि अंदाज पटला की पुरावा गोळा करायचा कंटाळा येतो, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. म्हणून एकच गोष्ट बदलली. प्लास्टिक काढलं, बाकी काही नाही. टाकी भरली, रोटर लावला, मी घड्याळ धरून बांधावर. वीस मिनिटं, तीस, चाळीस. धाप नाही, काही नाही. आण्णांनी हात वर केला. मी खूश होऊन शीळ घालणार, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "काटा बघ!"

काटा लाल पट्टीच्या पार शेवटाला टेकला होता आणि इंजिन मजेत चालत होतं.

इथे माझी टरकली. ट्रॅक्टर बंद पडत होता म्हणूनच आजवर वाचला होता. मी बंद पडणं दुरुस्त केलं आणि मागे लपलेला खरा शत्रू मोकाट सुटला. मी नुसतं प्लास्टिक काढून पुण्याला परत गेलो असतो, तर आण्णांनी विश्वासाने दिवसभर रोटर मारला असता आणि इंजिन खरंच जाम झालं असतं. मग पंचावन्न हजार खरोखरच लागले असते.

रोटर उचलून इंजिन पाच मिनिटं हळू चालू ठेवलं, मग बंद केलं. एकदम बंद केलं तर आत साठलेली उष्णता काढायला पाणी फिरत नाही. आणि हो, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. सात पीएसआयच्या झाकणाखाली पाणी साधारण ११० अंशांपर्यंत न उकळता राहतं, झाकण काढलं की दाब जातो आणि ते एकदम उसळतं. आण्णांच्या मनगटावर ऑगस्टमधला डाग आहे. फोनवर त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सगळं गार झाल्यावर बघितलं. पाणी पुरेसं. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीएवढा दबतोय, ठीक. झाकण काढून इंजिन चालू केलं, पाण्यात बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. (बहुधा आधीचंही शाबूतच असणार.) मग पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये भुसा, पाचट आणि डिझेल-ऑइलचा चिकटा मिळून नमदा बसलेला. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेने पाणी मारलं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. अर्धी पाटी निघाली.

हिशेब करा. पूर्ण भारावर असं इंजिन जेवढी ताकद चाकांना देतं, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला देतं. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे २६ किलोवॉट. दोन किलोवॉटचे डझनभर गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता त्या एका जाळीतून बाहेर जायचीय. जाळीवर गोधडी घातली तर दुसरं काय होणार?

रविवारी सकाळी पुन्हा चाचणी. काटा लाल पट्टीच्या अलीकडे थांबला, पण अगदी काठावर. उरलेलं कारण आतलं होतं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतून नळ्यांत क्षारांचा थर. आमच्या चहाच्या पातेल्यात बसतो तोच. तो थर लोखंडाच्या साधारण वीसपट वाईट उष्णतावाहक असतो. बार्शीच्या रेडिएटरवाल्याने रविवार असूनही नळ्या साफ करून दिल्या. नवा थर्मोस्टॅट बसवला. (तो काढल्याने इंजिन गार राहतं हा गैरसमज. ज्या इंजिनांत बायपासची वाट असते, तिथे थर्मोस्टॅट नसला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं.) कुलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरलं. एकूण खर्च दोन हजार आठशे. सोमवारी पेरणी सुरू झाली.

आता मुद्द्याचं. "गरम होतो *आणि* बंद पडतो" ही तक्रार होती. चार महिने आम्ही सगळे तिला "गरम होतो *म्हणून* बंद पडतो" असं ऐकत होतो. एका शब्दाचा फरक, पण त्यात अकरा हजार गेले आणि ट्रॅक्टर विकायची वेळ आली. दोन गोष्टी एका वेळी घडल्या की मधला 'आणि' आपोआप 'म्हणून' होतो. आमच्याकडेही असंच चालतं. "रिलीज झालं म्हणून सर्व्हर पडला," आणि मग आठवडाभर त्या रिलीजमध्ये शोधाशोध.

मिस्त्रींना नावं ठेवणं सोपं आहे. ट्रॅक्टर दुरुस्त झाल्याचं कळल्यावर ते स्वतः बघायला आले. प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन हसले आणि म्हणाले, "साहेब, मी झाकण काढून दिलं असतं आणि पाचशे मागितले असते, तर दिले असते का तुम्ही?" मी गप्प. नसते दिले. आपण पार्टचे पैसे देतो, मजुरीचे देतो. शोधण्याचे, विचारण्याचे, तासभर बांधावर बसून बघण्याचे देत नाही. मग माणूस पार्ट विकणार नाही तर काय करणार? शिवाय दुरुस्तीनंतरची चाचणी गावात दहा मिनिटं चालवून व्हायची. जो बग चाळीस मिनिटांनी येतो तो दहा मिनिटांत दिसेलच कसा?

आणि माझं काय? मी तर सर्वांत महागडा प्रकार केला. प्रश्न न विचारता पैसे पाठवले. पैसे पाठवायला अर्धं मिनिट लागतं, "नक्की कसं बंद पडतं?" विचारायला एक मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाची बचत मी चार महिने केली आणि त्याला काळजी घेणं म्हणत होतो. माझं मत विचाराल तर लांब राहणाऱ्या मुलांनी पैशाआधी प्रश्न पाठवावेत. उत्तर बहुतेक वेळा तिकडेच असतं, विचारण्याची वाट बघत.

असो. पावसाच्या पाण्याचा प्रश्न उरलाच होता. त्यावर मी इंटरनेटवर काहीबाही शोधत असताना आण्णांनी घरातला एक जुना स्टीलचा पेला आणला, टाकीच्या झाकणावर उपडा घातला आणि हलू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने सैलसर बांधला. हवा खालून जाते, पाणी वरून घसरतं.

यंदाचा अख्खा पावसाळा पेला जागेवर आहे. ट्रॅक्टर चालू आहे, काटा मधोमध. दर रविवारी फोनवर मी आधी काट्याचं विचारतो, मग आण्णांच्या गुडघ्याचं. परवा ते म्हणाले, "गुडगा दुखतोय आन् झोप येत न्हाई." मी विचारलं, "'आणि' की 'म्हणून'?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "इचार करून सांगतो."