तिची चौकशी तरी झाली!

बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड'वर आपल्या आई-मावशीची पिढी पोसली. रहस्यकथा म्हणजे रिकामटेकड्यांचं वाचन, हे तेव्हाही ऐकावं लागे, आजही लागतं. मैत्रिणींनो, म्हणणाऱ्यांना म्हणू द्या आणि सेइशी योकोमिझो या जपानी लेखकाची 'द होंजिन मर्डर्स' वाचा. मूळ कादंबरी १९४६ची, इंग्रजीत आली २०१९मध्ये.

१९३७ सालचं खेडं, तालेवार घराणं. थोरल्याचं लग्न. मुलगी शिक्षिका, पण कुळाच्या घराण्यातली, म्हणून सासरची नाकं मुरडलेली. लग्नाच्याच रात्री आतून बंद असलेल्या घरात नवरा-नवरी रक्ताच्या थारोळ्यात! बाहेर बर्फ, त्यात रोवलेली तलवार, आणि मारेकऱ्याच्या पावलाचा ठसा कुठेच नाही. उत्तर सांगत नाही. पण कारण कळतं ना, तेव्हा ते जपानी वाटत नाही. घराण्याची अब्रू कुणाच्या जिवावर तोलतात, हे आपल्याला काय शिकवायचं?

मला मात्र कोड्यापेक्षा चौकशी भावली. सासू, नणंद, घरातले नोकर, सगळ्यांना प्रश्न विचारले जातात. मुलीला वाढवणारा काका तर तार करून गुप्तहेरच बोलावतो.

आपल्या कर्जत-खालापुरात एकाकी जागांना तोटा नाही. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मदतीला जाणाऱ्यांना डोंगर पायीच चढावा लागला. पण वाडीच कशाला, दार लावलं की तालुक्याच्या गावातला फ्लॅटही तितकाच एकाकी. तिथे सून गेली की 'पाय घसरला', 'गॅस भडकला', झालं! शेजारणीला ओरडा ऐकू आलेला असतो, पण तिला विचारतो कोण?

कायदा आहे हो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा संशयास्पद रीतीने ती गेली, तर दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. या सात वर्षांत नातेवाईकांनी मागणी केली, तर पोलिसांना शवविच्छेदनासाठी पाठवावं लागतं. आठव्या वर्षाचं काय, ते विचारू नका.

पण माहेरची माणसं पोचेपर्यंत सरण रचलेलं असतं, आणि 'आता पोरीची विटंबना कशाला' म्हणणारे चार शहाणे आधीच येऊन बसलेले असतात.