काच खाली घ्या!

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या नशिबी सुखे थोडी. त्यांतले एक म्हणजे दुसऱ्याने केलेली शब्दाची चूक पकडणे. परंतु २०२० साली एका शब्दाचा असा काही घोळ झाला की, तो आठवला म्हणजे सुख तर राहोच, अंगावर काटा येतो. घोळ इंग्रजीतला होता आणि तो घालणारे वैयाकरण नव्हते, वैद्यकातले जाणकार होते.

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला ठासून सांगितले की, कोविड हा 'हवेतून पसरणारा' रोग नव्हे. डॉक्टरमंडळींच्या परिभाषेत या शब्दाचा अर्थ फार आखूड होता. पाच मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून, लहान कण तेवढे हवेतले. त्याहून मोठा तो थेंब, आणि थेंब म्हटला की तो हातभर अंतरात खाली पडायचाच, अशी ती समजूत. पण परिभाषा वाचतो कोण? तुम्हीआम्ही सरळ अर्थ घेतला : हवा निर्धोक, दगा काय तो दाराच्या मुठीत आणि नोटांत!

या अर्थाची झळ कुणाला लागली असेल, तर टॅक्सीवाल्याला. बिचाऱ्याने मुठी पुसल्या, आसने पुसली, सुट्टे पैसेदेखील सॅनिटायझरने न्हाऊ घातले. आपल्या आणि उतारूच्या मधे प्लॅस्टिकचा पडदा टांगला. आणि पुष्कळदा, 'साहेब, एसी लावतो' म्हणून काचा वर केल्या.

वास्तविक इशारा आधीच मिळाला होता. १८ जानेवारी २०२० रोजी टोकियोत टॅक्सीवाल्यांच्या एका संघटनेने नदीवरच्या नावेत नववर्षाची मेजवानी केली. पाऊस होता, म्हणून खिडक्या लावलेल्या. त्या मेजवानीतून अनेकांना बाधा झाली. फेब्रुवारीत जपानमध्ये या साथीचा पहिला बळी गेला, ती होती एका टॅक्सीवाल्याची वृद्ध सासू. पुढे ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंड व वेल्समधले आकडे दिले. २० एप्रिल २०२० पर्यंत नोंदलेल्या मृत्यूंत कामकरी वयाच्या एकंदर पुरुषांमध्ये प्रमाण दर लाखास ९.९ होते, टॅक्सी हाकणाऱ्यांत ३६.४. चौपटीला थोडे कमी! वयाचा, गरिबीचा, वस्तीचा त्यात वाटा असेलच. पण उतारू अर्ध्या तासाने उतरून मोकळा होतो, आणि चालक मात्र एकामागून एक दहा-वीस जणांचे श्वास घेत दिवसभर तिथेच बसलेला असतो, हेही विसरून कसे चालेल?

जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी पत्र लिहिले आणि २३९ शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. बोलताना, खोकताना निघणारे बारीक कण हवेत तरंगत राहतात, हा त्याचा मथितार्थ. मी तो विद्यार्थ्यांना सांगताना विडीचा दाखला देतो. टॅक्सीत कुणी विडी ओढली, तर आपण आसन पुसत बसतो का? काच खाली घेतो.

आता कुठली काच, हा प्रश्न मोठा मजेचा आहे. वर्गीस मथाई, असिमांशु दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मोटारीतल्या वाऱ्याचा गणिताने माग काढला. डिसेंबर २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. चारही काचा उघड्या असणे सर्वांत उत्तम, हे कुणालाही सुचेल. पण दोनच उघडायच्या झाल्या तर? मनुष्य आपल्या शेजारची उघडतो. गणित म्हणते, समोरची उघडा! आपल्याकडे चालक पुढे उजवीकडे, एकटा उतारू बहुधा मागे डावीकडे. तेव्हा चालकाच्या मागची उजवी आणि पुढची डावी अशा काचा खाली घ्याव्यात. वारा मागून शिरतो, फिरून पुढच्या डाव्या खिडकीने निघून जातो, आणि दोघांच्या मधे वाऱ्याचाच पडदा उभा राहतो. प्लॅस्टिकचा पडदा शिंतोडे अडवील. तरंगणारे कण त्याला वळसा घालून जातात. हा हिशोब ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचा होता, हे मात्र सांगितले पाहिजे. मुंबईत लालबागपाशी असा वेग कुणी दाखवला तर त्याचा सत्कार करावा लागेल. गाडी रखडली की वाराही रखडतो; तेव्हा नाकावर (हनुवटीवर नव्हे) मुखपट्टी हवीच. आणि एसी लावायचाच, तर बाहेरची हवा आत घेणारा खटका उघडा ठेवून.

गंमत अशी की, आमची जुनी प्रीमियर पद्मिनी या बाबतीत मोठी शहाणी होती. एसीचा थाट नाही. काचेची मूठ गरागरा फिरवा आणि पुढच्या त्रिकोणी झडपेतून वारा नाकावर घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

दादरहून परळला नेणाऱ्या एका साताऱ्याकडच्या टॅक्सीवाल्याला मी हे सारे काचांचे शास्त्र ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मास्तर, मला कळत नव्हतं होय? पण गिऱ्हाईक म्हणायचं, काच लाव, धूळ येती. नाही म्हणावं, तर खाली उतरून दुसरी गाडी करायचं. आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक होतं कुठं?"

या प्रश्नाला ब्राऊन विद्यापीठाकडे उत्तर नाही. भाडे देणाऱ्याच्या हाती काच, आणि दिवसभर बसणाऱ्याच्या छातीत हवा! काच उघडी ठेवायची हा नियमच असता, तर 'नियम आहे, साहेब' एवढे तरी त्याला म्हणता आले असते.

एप्रिल २०२४ मध्ये आरोग्य संघटनेने शब्दांचा नवा अहवाल काढला. थेंब आणि कण हा जुना भेद मोडून 'हवेतून होणारा संसर्ग' असा सरळ शब्द तिने स्वीकारला. चार वर्षे लागली.

"आणि तो पडदा?" मी उतरताना विचारले.

"बाराशे रुपये घातले होते त्यात पदरचे," तो म्हणाला. "गावी नेला. पावसात सरपणावर टाकतो."